वेबसाइटची दालने: आधी घरी तपासा, मग बाजारात उघडा

आमच्या परिचयाचे एक कापड व्यापारी आहेत. त्यांनी आपल्या वेबसाइटवर दोन दालने काढली. एक किरकोळ गिऱ्हाइकांसाठी, दुसरे घाऊक खरेदीदारांसाठी. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारले, "घाऊक भाव इतका कमी, मग आमच्याकडून एवढे का घेता?" पत्ता टाइप करताना त्याचे एक अक्षर चुकले आणि घाऊक भावाची यादी त्याच्यासमोर उघडली. जुने गिऱ्हाईक दुरावले. घरच्या संगणकावर आधी चाचणी घेतली असती तर हे टळले असते.

अशा दालनांना सबडोमेन म्हणतात. एकदा मुख्य नाव विकत घेतले की त्याच्या आधी 'घाऊक', 'कारागीर' अशी उपनावे रोमन अक्षरांत जोडता येतात. त्यांची वेगळी नोंदणी करावी लागत नाही.

चाचणीसाठी अपाचे हा सर्व्हर पुरेसा आहे. १९९५ पासून तो मोफत मिळतो. संगणकावर 'होस्ट्स' नावाची फाइल असते. विंडोजमध्ये ती सिस्टम३२ मधील ड्रायव्हर्स, त्यातील ईटीसी या फोल्डरात सापडेल. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ती उघडावी आणि १२७.०.०.१ या आकड्यापुढे प्रत्येक दालनाचे पूर्ण नाव लिहावे. हा आकडा म्हणजे आपलाच संगणक. या फाइलीत 'सर्व उपनावे' अशी एकत्र नोंद चालत नाही, प्रत्येक नाव लिहावेच लागते.

चाचणीच्या नावाचा शेवट 'डॉट टेस्ट' असा ठेवावा. १९९९ पासून तो चाचणीसाठीच राखून ठेवलेला आहे. 'डॉट डेव्ह' वापरू नये. तो आता खरा डोमेन आहे आणि ब्राउझर तेथे सुरक्षित जोडणीचाच आग्रह धरतो.

यानंतर अपाचेच्या मांडणीत प्रत्येक दालनासाठी व्हर्च्युअल होस्टचा स्वतंत्र भाग लिहावा. त्यात दालनाचे नाव आणि त्याच्या फाइलींचे फोल्डर द्यावे. 'एचटीटीपीडी -टी' ही आज्ञा दिल्यावर 'सिंटॅक्स ओके' असे उत्तर आले की सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

आता मुख्य मुद्दा. आलेले नाव कोणत्याच भागाशी जुळले नाही, तर अपाचे यादीतील पहिला भाग दाखवतो. आमच्या परिचितांनी घाऊक दालन पहिले लिहिले होते आणि कोणतेही उपनाव आपल्याच सर्व्हरकडे यावे अशी डोमेनची नोंद केली होती. घोटाळा तेथेच झाला. म्हणून पहिला भाग साध्या स्वागत पानाचा ठेवावा. होस्ट्स फाइलीत मुद्दाम एक चुकीचे नाव लिहून ते उघडून पाहावे. स्वागत पान दिसले तर ठीक.

तरीही वेगळे नाव म्हणजे कुलूप नव्हे. घाऊक भावाला पासवर्ड हवाच, आणि पासवर्डशिवाय पान उघडते का, हेही तपासावे.

शेवटी एक सावधगिरी. चाचणीत खरे नाव वापरले असेल, तर ती ओळ होस्ट्स फाइलीतून काढून टाकावी. नाही तर तुम्हाला घरचीच प्रत दिसत राहील आणि गिऱ्हाईक काय पाहते ते कळणार नाही.

माल दुकानात मांडण्याआधी आपण ठाण उलगडून पाहतो. वेबसाइटचेही तसेच करावे.