सोनं संपलं, गाव राहिलं

पुणे ते चेन्नई सायकलवर जाताना बंगळूरनंतर एक दिवस विश्रांती घ्यायची, हे निघण्याआधीच ठरवलं होतं. तो दिवस मी कोलार गोल्ड फील्ड्ससाठी राखला. बंगळूरच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरचं हे गाव सगळ्यांच्या तोंडी 'केजीएफ' आहे. गेल्या काही वर्षांत मात्र हे नाव घेतलं की लोकांना आधी सिनेमा आठवतो. सामानाच्या पिशव्या लॉजवर ठेवल्या, रिकामी सायकल घेतली आणि रॉबर्टसनपेटच्या बाजारातून बाहेर पडलो.

हे गाव सायकलवरूनच बघावं. उरगाम, चॅम्पियन रीफ, मारिकुप्पम अशा वस्त्या रस्त्याला लागत जातात. मध्येच एखाद्या शाफ्टचा लोखंडी मनोरा दिसतो. त्याच्या माथ्यावरच्या चाकांवरून दोर सुटायचा आणि माणसांनी भरलेला पिंजरा खाली जायचा. चॅम्पियन रीफ खाण सुमारे 3.2 किलोमीटर खोल गेली होती. तळाशी खडक इतका तापलेला असायचा, की माणसाला काम करता यावं म्हणून थंड हवा खाली सोडावी लागे.

1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी इथे आली आणि खाणी जोमाने चालू लागल्या. खाणींसाठी कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून 1902 साली वीज आणली गेली. बंगळूर शहरात दिवे लागले ते 1905 मध्ये. साहेबांचे बंगले, क्लब आणि गोल्फचं मैदान यांमुळे गावाला 'लिटिल इंग्लंड' म्हणत. खाली उतरणारे बहुतेक मजूर तमिळभाषक दलित होते, आणि ते राहत 'लाइन'मध्ये, म्हणजे एका ओळीत बांधलेल्या खुराड्यांत. त्या लाइनींत आजही माणसं राहतात. बंगळूरच्या आधी इथे वीज आली हे अभिमानाने सांगताना ती कुणाच्या घरात आली, हेही सांगायला हवं.

चहाच्या टपरीवर एक निवृत्त खाणकामगार भेटले. खोलवर खडक फुटला की वरची घरं हलायची, त्याला इथे 'एअर ब्लास्ट' म्हणत. तो कसा जाणवायचा हे दाखवायला त्यांनी काचेचा पेला बाकावर ठेवला आणि बाकाला खालून मूठ मारली. पेला खणकला, चहा हिंदकळला. ते पुढे काहीच बोलले नाहीत.

या खोलीचं मुंबईशीही नातं आहे. डोक्यावर इतका खडक असला की वैश्विक किरणांतले बाकीचे कण अडतात, न्यूट्रिनो तेवढे आरपार येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरहमच्या सहकाऱ्यांबरोबर इथे उपकरणं बसवली आणि 1965 मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही त्या मिळाल्या. जगात हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुपारी सायनाइडच्या डोंगरांपाशी थांबलो. खडक दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढून घ्यायचं आणि उरलेला गाळ टाकून द्यायचा. शंभराहून अधिक वर्षं हेच चालल्याने हे डोंगर उभे राहिले. जवळून पाहिलं तर माती नव्हे, पिठासारखी करडी भुकटी. पावसाने तिला खोल घळी पाडल्या आहेत. वारा सुटला तसा टायरवर, घामेजल्या हातावर तिचा थर बसला. मी नाकाला रुमाल बांधला. आजूबाजूच्या घरांची दारं उघडीच होती. खाली दगडाच्या धुळीने फुप्फुसं गेलेल्या माणसांची मुलंनातवंडं आता वर ही धूळ घेतात.

28 फेब्रुवारी 2001 रोजी खाणी बंद झाल्या. सुरुवातीला टनामागे चाळीस ग्रॅमच्या वर निघणारं सोनं तीनेक ग्रॅमवर आलं होतं. आता इथली माणसं पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात.

खाण बंद झाली तेव्हा तिशीत असलेला कामगार आज पंचावन्नच्या पुढे आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात तर सिनेमाची जागा शोधू नका. एखाद्या टपरीवर बसा आणि खाली उतरलेल्या माणसाला बोलतं करा. ही माणसं अजून आहेत.