डॉक्टर, पण दवाखाना नाही!

रायपूरच्या गोल बाजारात बाळंतिणीच्या सामानाची यादी घेऊन गेलात, तर एका फेरीत पिशवी भरते. सुंठ, डिंक, गूळ, खारीक आणि जडीबुटीच्या दुकानात कांके. छत्तीसगढी घरांत बाळंतिणीला कांके उकळून त्याचे पाणी पाजतात. आपल्या बाळंतकाढ्याची ही बहीणच म्हणा ना! इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत डिंकाचे लाडू आणि कांके दोन्हींना जागा असते.

अशाच एका घरातल्या काकूंबरोबर मी त्या दुकानासमोर उभी होते. नात झालेली, त्यामुळे काकू खुशीत. सोबत पुतणी. ती आयुर्वेदाची पदवीधर आणि आता सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे एम.पी.एच.ला जायचे म्हणून हटून बसलेली.

"अगं, पण दवाखाना कधी टाकणार?" काकूंनी विचारले.

"दवाखाना नाही, काकू. संशोधन."

"म्हणजे पेशंटच नाही?"

पुतणीने हातातल्या पुड्याकडे बोट दाखवले. "हे पाणी इतक्या बायका पितात. त्यानं नेमकं काय होतं? बाळ आजारी पडलं तर त्या आधी कुणाला सांगतात? हे कुणी मोजायला नको?"

"मोजून काय होणार?" काकू म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर रायपूरच्या शेजारीच, छत्तीसगढला लागून असलेल्या गडचिरोलीत सापडते. (१९५६ पर्यंत रायपूर आणि गडचिरोलीचा मुलूख एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर, हे आज किती जणांना आठवते?)

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे नागपूरला शिकलेले डॉक्टर. ते मेडिसिनमधले एम.डी., त्या स्त्रीरोगशास्त्रातल्या. शहरात उत्तम जम बसला असता. पण वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम केल्यावर दोघे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले ते संशोधनाची रीत शिकायला. १९८४ मध्ये एम.पी.एच. घेऊन परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेतर्फे काम सुरू केले.

तिथे त्यांनी मोजायला सुरुवात केली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! बाकीच्यांनी दुखणे अंगावर काढलेले. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, या समजाला धक्का बसला.

पुढचा प्रश्न तान्ह्या बाळांचा. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. पण गावच्या सुईणीला मोठे आकडे मोजता येत नसतील तर? त्यावर मण्यांचे एक साधन निघाले. वाळूचे एका मिनिटाचे घड्याळ उलटे करायचे, ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर बाळाला उपचार हवा. मला स्वतःला या साऱ्या कहाणीत हे मणीच सर्वांत आवडतात.

नंतर ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शनही. तुलनेसाठी आणखी ४७ गावे होती. ती नसती तर बाळे कशामुळे वाचली हे छातीठोकपणे सांगता आले नसते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि रायपूरचा संबंध? छत्तीसगढात २००२ पासून 'मितानिन' ही गावोगावची आरोग्य-सखी काम करू लागली. देशभर 'आशा' योजना आली ती २००५ मध्ये. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम आशांकडे सोपवला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. काकूंच्या नातीसारख्या असंख्य बाळांच्या दारात येणाऱ्या या भेटींमागे गडचिरोलीतली ती मोजणी आहे.

अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा. संख्याशास्त्र, रोगप्रसाराचे शास्त्र, आरोग्याचे अर्थकारण आणि शेवटी स्वतःचा प्रबंध. माणसांवर अभ्यास करायचा तर आधी नीतिसमितीची मंजुरी आणि ज्याची माहिती घ्यायची त्याची संमती हवीच. तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुणे विद्यापीठ अशा ठिकाणी हा अभ्यासक्रम निघाला. काही संस्था डॉक्टर नसलेल्यांनाही घेतात. मात्र खाजगी प्रॅक्टिसची मिळकत इथे नाही. बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, कराराच्या. घरच्यांनी हे आधीच नीट समजून घेतलेले बरे.

हे सगळे आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून बोललो. काकू बराच वेळ पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या.

"माझं पहिलं बाळ नवव्या दिवशी गेलं," त्या एकदम म्हणाल्या. "श्वास भराभर चालला होता. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. कुठल्या वहीत त्याची नोंदसुद्धा नसेल."

पुतणीला हे ठाऊक नव्हते. ती काही बोलली नाही.

दुकानदाराने पैसे परत दिले. काकूंनी ते पर्समध्ये टाकले, पिशवी उचलली आणि विचारले,

"फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे गं?"