जुना लॅपटॉप, बाहेरचा ड्राइव्ह आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम



लोकसहभागातून मिळालेला आठ-दहा वर्षांचा एखादा लॅपटॉप तुमच्याही शाळेच्या कपाटात असेल. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे या लॅपटॉपला ती बसत नाही. आतली डिस्क पुसून लिनक्स टाकावं, तर त्यात पाच वर्षांचे निकाल, पोषण आहाराचे तक्ते, स्नेहसंमेलनाचे फोटो. कोण हात लावणार?

अशा वेळी लिनक्स बाहेरच्या ड्राइव्हवर टाकायचं. ड्राइव्ह लावला की मुलांसाठी लिनक्स, काढला की कार्यालयाचा जुना विंडोज जसाच्या तसा. पण हे "जसाच्या तसा" आपोआप होत नाही बरं का. त्यासाठी एक काळजी घ्यावी लागते, ती पुढे सविस्तर सांगते.

आधी साहित्य. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, ज्यावरून इन्स्टॉल करायचं. आणि केसिंगमध्ये बसवलेली एसएसडी, ज्यावर इन्स्टॉल करायचं. ही दोन वेगळी हवीत. एसएसडीऐवजी दुसरा पेन ड्राइव्हही चालतो, पण तो सततच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर थकतो आणि वर्गात मुलं पडद्याकडे बघत बसतात. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, यूएसबी ३ चा ५ गिगाबिट. जुन्या लॅपटॉपवर बहुधा एखादंच निळ्या रंगाचं पोर्ट असतं, ते ड्राइव्हसाठी राखून ठेवा. माऊस काळ्यात लावा.

सिस्टीम म्हणून मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवेन. ती २ जीबी रॅमवर चालते, ४ असेल तर सुखाने चालते. फाईल साधारण तीन जीबीची असते. ती उतरवून रूफस किंवा एचरने पेन ड्राइव्हवर चढवायची. लॅपटॉप सुरू करताना एफ १२ (एचपीला एफ ९) दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारलं जातं. पेन ड्राइव्ह निवडला की इन्स्टॉल न करताच मिंट उघडतं. तिथे अर्धा तास घालवा. आवाज येतो का, वाय-फाय दिसतं का, प्रोजेक्टर जोडता येतो का? वाय-फाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून नेट द्या आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा. बऱ्याचदा तिथे हवा तो ड्रायव्हर मिळतो.

आता ती काळजी. संगणक सुरू होताना सिस्टीम कुठे आहे हे सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. शाळेच्या दारावरचा शिपाईच म्हणा. तुम्ही इन्स्टॉलरला "सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर ठेव" असं सांगता, तो वर्ग तिकडे भरवतोही, पण शिपायाला मात्र अनेकदा आतल्या डिस्कच्या दारात उभा करतो. खालच्या रकान्यात बाहेरचा ड्राइव्ह निवडला तरीही. परिणाम असा, की दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह न लावता लॅपटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर "ग्रब" असं काहीतरी येतं आणि मुख्याध्यापक विचारतात, "डेटा गेला का?" डेटा जात नाही. नव्या पद्धतीच्या लॅपटॉपवर बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडला की विंडोज उघडतो. पण तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

यावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे इन्स्टॉल करताना आतली डिस्क काढूनच ठेवणे. चार्जर आणि बॅटरी काढा, खालचं झाकण उघडा, डिस्क हळूच सरकवून बाहेर घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये हे काम बहुतेक वेळा दोन-चार स्क्रूचंच असतं. जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे फक्त एवढंच करून मागा. आता इन्स्टॉलरला दुसरी जागाच दिसत नाही. "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" हा पर्याय, ज्याला आपण एरवी घाबरतो, तो इथे निर्धास्त निवडायचा. फक्त ड्राइव्हचा आकार वाचून खात्री करा. काम झालं की आतली डिस्क परत बसवा. लॅपटॉपवर बिटलॉकर सुरू असेल तर बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी त्याची रिकव्हरी की वहीत लिहून घ्या.

विंडोजच बाहेरच्या ड्राइव्हवर टाकता येईल का, असं पालक विचारतात. विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी ड्राइव्ह स्वीकारत नाही आणि त्यासाठी असलेली विंडोज टू गो ही सोय मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये बंद केली. तो नाद सोडा.

मुलांसाठी साधं, म्हणजे प्रशासक नसलेलं खातं काढा. मिंटमधूनही आतली डिस्क दिसते. साध्या खात्यावरून ती उघडायला पासवर्ड लागतो, म्हणजे निकालाची फाईल खेळता खेळता उडणार नाही. सिस्टीम चालू असताना ड्राइव्हची केबल निघाली तर सगळं जागच्या जागी थिजतं, म्हणून ड्राइव्ह झाकणाला मागून वेल्क्रोने चिकटवा.

परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बिघाड समजू नका. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो, विंडोज तेच भारतीय वेळ समजून वाचतो. नेट जोडून वेळ जुळवून घ्या.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीकॉम्प्रिस (२ ते १० वर्षांच्या मुलांसाठी) आणि टक्स पेंट घ्या, लिबर ऑफिस आधीच असतं. मराठी टायपिंगला आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज घातलं की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. राहिल्या कृतिदेव-श्रीलिपीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका. त्यांचे फॉन्ट विंडोजमधून आणून मिंटमध्ये बसवले तर त्या वाचता आणि छापता येतात, पण नवी प्रश्नपत्रिका मात्र युनिकोडमध्येच टाईप करा.