कर्ज बँकेचे, कागद कोणाकडे?

विकास बँकांच्या प्रकल्पांची माहिती मिळविण्याच्या दोन वाटा

प्रतिनिधी

सावेडी : गावाकडच्या रस्त्याचे काम आशियाई विकास बँकेच्या कर्जातून होते, शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाला जागतिक बँकेच्या प्रकल्पातून साहाय्य मिळते. पण कामाविषयीचे चार कागद पाहावेत म्हणून कार्यालयात गेलेल्या नागरिकाला पुष्कळदा ऐकावे लागते, की हा बाहेरच्या बँकेचा प्रकल्प आहे, माहिती तिकडे मिळेल. 'तिकडे' म्हणजे वॉशिंग्टन किंवा मनिला, अशी समजूत करून घेऊन तो परत फिरतो. ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे. बँकेकडे माहिती मागता येते आणि त्यासाठी वॉशिंग्टन गाठावे लागत नाही. शिवाय कर्ज बाहेरचे आहे एवढ्यावरून येथील कार्यालयाची माहिती देण्याची जबाबदारी संपत नाही.

सावेडीसारख्या उपनगरातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि येथील कितीतरी कुटुंबांची शेती राहुरी, नेवासे, पारनेर, पाथर्डी या तालुक्यांत आहे आणि हे प्रकल्प तेथवर पोहोचलेले आहेत. जागतिक बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये राज्याच्या 'स्मार्ट' कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्पासाठी २१ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याच वर्षी आशियाई विकास बँकेने राज्यातील ३४ जिल्ह्यांच्या ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलर मंजूर केले. २०२१ मध्ये त्यात आणखी ३० कोटी डॉलरची भर पडली.

ही कर्जे आहेत, अनुदाने नव्हेत. बँकेशी करार केंद्र सरकार करते. परंतु बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासून, महाराष्ट्रासारख्या राज्यांना अशी कर्जे मूळ अटींवरच पुढे दिली जातात. म्हणजे डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला, तर त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर येतो. सावेडीत राहून कर भरणाराही त्या परतफेडीत वाटेकरी आहेच.

पैसा नेमका कोणाचा?

अर्ज लिहिण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. 'परदेशी मदत' या एका शब्दात आपण फार वेगवेगळ्या संस्था कोंबतो. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक या अनेक देशांनी मिळून चालविलेल्या बँका आहेत. भारत त्यांचा भागधारक आहे. आपल्या जिल्ह्यात पाणलोट विकासाच्या कामांमुळे परिचित झालेली 'केएफडब्ल्यू' ही मात्र जर्मनीची सरकारी बँक, आणि 'जायका' ही जपानची संस्था. त्यांना आपापल्या देशांचे नियम लागू होतात. नगरच्या पाणीपुरवठ्यासारखी 'अमृत' योजनेतून झालेली शहरी कामे तर केंद्र, राज्य व महापालिका यांच्या पैशातील. तेथे कोणत्याही विकास बँकेला पत्र लिहून उपयोग नाही. महापालिकेकडेच अर्ज करावयाचा.

निधीचे मूळ कळण्यासाठी कामाचा फलक, निविदा सूचना किंवा शासन निर्णय पाहावा. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात व त्यात प्रकल्पाचे नाव बहुधा बँकेच्या नावासह दिलेले असते. नाव हाती आले, की बँकेच्या संकेतस्थळावर 'प्रोजेक्ट्स' विभागात शोध घेता येतो. जागतिक बँकेच्या प्रत्येक प्रकल्पाला 'पी' अक्षराने सुरू होणारा सहा अंकी क्रमांक असतो. पुढील सर्व पत्रव्यवहारात तो लिहावा. नुसत्या नावावरून सारख्या नावांच्या प्रकल्पांत गल्लत होते.

मणिबेली ते राळेगण

बँकांची दारे आपोआप उघडलेली नाहीत, आणि ती उघडण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज दिले. सातपुड्यातील मणिबेली आणि आसपासच्या गावांना, आपल्या घरादाराचे काय होणार हे सांगणारे कागदच पाहावयास मिळत नव्हते. नर्मदा बचाव आंदोलनाच्या दबावामुळे बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीचा जून १९९२ मधील अहवाल बँकेवर कठोर टीका करणारा होता. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने माहिती खुली करण्याचे नवे धोरण स्वीकारले व बाधितांच्या तक्रारींसाठी 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापन केले.

तरीही त्या धोरणाची रीत अशी होती, की जे यादीत असेल तेवढेच द्यावयाचे. १ जुलै २०१० पासून लागू झालेल्या धोरणाने ती उलटी केली. आता बँकेकडील प्रत्येक माहिती खुली मानली जाते. ठरवून दिलेल्या दहा अपवादांत बसत असेल तरच ती रोखता येते. हे धोरण आखताना भारताचा माहिती अधिकार कायदा आणि अमेरिकेचा तत्सम कायदा यांचा आधार घेतल्याचे बँकेने सांगितले होते. भारतीय कायद्याची जडणघडण राजस्थानातील जनसुनावण्यांत जशी झाली, तशी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीतही झाली. राज्याच्या माहिती कायद्यासाठी अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत उपोषण केले. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. वॉशिंग्टनच्या धोरणामागे आपल्याच जिल्ह्यातील एका लढ्याचा धागा आहे, आणि तरीही जिल्ह्यातून त्या धोरणाची चर्चा क्वचितच ऐकू येते, हे थोडे विचित्रच म्हणावयाचे.

बँकेकडे काय मागावे?

बरीच माहिती न मागताच मिळते. जागतिक बँकेच्या प्रकल्पाचा मूल्यांकन दस्तऐवज, कर्ज करार, खरेदीची योजना, पर्यावरण व सामाजिक परिणामांचे अहवाल, कामाच्या प्रगतीचे ठरावीक काळाने निघणारे अहवाल आणि शेवटचा समाप्ती अहवाल संकेतस्थळावर असतात. वेळ थोडा असेल, तर मूल्यांकन दस्तऐवज आणि ताजा प्रगती अहवाल हे दोनच वाचावेत. पहिल्यात सरकारने काय कबूल केले ते असते. दुसऱ्यात त्यातले किती झाले याविषयी बँकेचे स्वतःचे मत असते, आणि ते कधी कधी मंत्र्यांच्या भाषणांशी जुळत नाही.

संकेतस्थळावर नसलेल्या कागदासाठी तेथीलच अर्ज भरून किंवा नवी दिल्लीतील कार्यालयाकडे लेखी मागणी करता येते. अर्जाची पोच पाच कामकाजाच्या दिवसांत आणि उत्तर वीस कामकाजाच्या दिवसांत देण्याचे बँकेने मान्य केले आहे. गुंतागुंतीच्या मागणीला अधिक काळ लागू शकतो. 'प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी' असे लिहिलेला अर्ज वाया जातो. कागदाचे नाव, वर्ष आणि प्रकल्प क्रमांक लिहिल्यास टाळाटाळीला जागा उरत नाही.

नकार आल्यास साठ दिवसांत बँकेच्या माहितीविषयक समितीकडे अपील करता येते. नकार धोरणाचा भंग करणारा आहे असा मुद्दा असेल, तर त्यापुढे बाहेरच्या तीन तज्ज्ञांच्या मंडळाकडे जाता येते. अपवाद मान्य करूनही जनहितासाठी माहिती द्यावी अशी मागणी असल्यास मात्र समितीचा निर्णय अंतिम असतो. आशियाई विकास बँकेची व्यवस्था साधारण अशीच आहे. तिचे सध्याचे धोरण १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले असून त्यातही दोन टप्प्यांचे अपील आहे.

अपवादांत कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती, वकिलांचा सल्ला, सुरक्षेच्या बाबी या अपेक्षित गोष्टी आहेत. सामान्य अर्जदाराला नडतात ते दोन : बँकेतील अंतर्गत विचारविनिमयाचे कागद, आणि सदस्य देशाने किंवा कंपनीने विश्वासाने दिलेली माहिती. बँकेच्या पथकाने दौऱ्यानंतर सरकारला दिलेले टिपण हा सर्वांत बोलका कागद असतो, पण तो सरकारच्या संमतीवाचून बँक खुला करीत नाही. काही गोपनीय कागद पाच, दहा किंवा वीस वर्षांनी खुले होतात.

या धोरणाला कायद्याचे दात नाहीत, हेही ध्यानात असावे. आपल्या माहिती आयोगाची सत्ता या बँकांवर चालत नाही. उत्तर टाळणाऱ्या बँक अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड होत नाही. शिवाय जवळजवळ सारे साहित्य इंग्रजीत असते. मराठी गावातील रस्त्याचा पर्यावरण अहवाल त्या गावाला वाचता येऊ नये, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी वाट घरचीच

बँकेकडे न मिळणारी माहिती बहुधा येथेच असते. मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराची देयके, कार्यारंभ आदेश, गुणवत्ता चाचण्यांचे निकाल, लाभार्थी निवडीची टिपणे हे कागद बँक तयार करीत नाही. ते प्रकल्प अंमलबजावणी कक्षात किंवा संबंधित विभागात असतात. ती कार्यालये माहिती अधिकार कायद्याखालील सार्वजनिक प्राधिकरणे आहेत, मग पैसा कोठूनही येवो. बँकेने सरकारला लिहिलेले पत्र किंवा दौऱ्याचे टिपणही सरकारी धारिकेत असेल, तर ते सरकारने धारण केलेली माहिती ठरते आणि मागता येते.

परदेशी सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती, हा कलम ८ मधील अपवाद अशा वेळी पुढे केला जाण्याचा संभव असतो. बँक म्हणजे परदेशी सरकार नव्हे, हा मुद्दा अपिलात मांडावा. संपूर्ण कागद देता येत नसेल, तर कलम १० नुसार देता येण्याजोगा भाग वेगळा करून द्यावा लागतो. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास अर्ज परत न करता पाच दिवसांत तिकडे पाठविणे कलम ६(३) नुसार बंधनकारक आहे. 'तिकडे विचारा' हे उत्तर कायद्यात बसत नाही. राज्यात अर्ज एका विषयापुरता व दीडशे शब्दांत असावा लागतो, शुल्क दहा रुपये. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील, आणि आपल्या जिल्ह्यासाठी दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. कर्जाच्या अटींविषयीचा अर्ज केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे करावा.

दोन्ही वाटा एकमेकींना जोडल्यास त्यांचा खरा उपयोग होतो. रस्त्याचेच उदाहरण घ्या. आशियाई विकास बँकेच्या ग्रामीण रस्ते प्रकल्पांत रस्ता रुंद करण्यासाठी लागणारी पट्टी पुष्कळदा शेतकऱ्याने 'स्वेच्छेने दिली' अशी नोंद होते, आणि त्यासाठी लेखी संमती व तिची खातरजमा यांची पद्धत बँकेच्या कागदांत लिहिलेली असते. ती पद्धत संकेतस्थळावरून वाचावी. मग येथील कार्यालयाकडे मागावे : 'अमुक रस्त्यासाठी घेतलेल्या संमतिपत्रांच्या व पडताळणीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात.' भाऊ पुण्याला, आपण सावेडीला आणि सातबारा सामाईक असेल, तर गावी नेमकी कोणाची सही झाली हे त्यातून कळते.

दिल्लीत ही वाट परिणामकारक ठरली. 'परिवर्तन' या संस्थेने दिल्ली जल मंडळाच्या जागतिक बँकेशी संबंधित धारिका त्या राज्याच्या माहिती कायद्याखाली मिळविल्या. सल्लागाराच्या निवडीत बँकेने वारंवार आक्षेप घेतल्याचे त्या पत्रव्यवहारातून पुढे आले. बँकेने गैरप्रकाराचा आरोप फेटाळला. परंतु २००५ च्या अखेरीस दिल्ली सरकारने कर्जाचा प्रस्तावच मागे घेतला. कागद बँकेने दिले नव्हते, ते जल मंडळाकडून मिळाले होते.

माहिती न देण्याची किंमत बँकेलाही मोजावी लागते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात विस्थापित होणाऱ्या कुर्ला परिसरातील दुकानदारांनी व रहिवाशांनी २००४ मध्ये इन्स्पेक्शन पॅनेलकडे तक्रारी केल्या. पुनर्वसनाची माहिती दिली नाही, विचारविनिमय केला नाही, हे त्यांतील प्रमुख मुद्दे होते. डिसेंबर २००५ च्या अहवालात पॅनेलने गंभीर त्रुटी नोंदविल्या आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने प्रकल्पाच्या रस्ते व पुनर्वसन घटकांचा निधी थांबविला. सुधारणांची हमी मिळाल्यावर जूनमध्ये तो पुन्हा सुरू झाला. अशी तक्रार दोन किंवा अधिक बाधित व्यक्ती एकत्र येऊन करू शकतात. तिच्यासाठी वकील लागत नाही, ती स्वतःच्या भाषेत लिहिता येते आणि तक्रारदारांच्या विनंतीवरून त्यांची नावे गुप्त ठेवली जातात. आधी बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणे मांडल्याचा पुरावा मात्र जोडावा लागतो. म्हणून माहितीसाठी केलेल्या प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी.