नेट सारखं जातंय? नवा मोडेम घेण्याआधी घरातली वायर आणि पिन तपासा

पाऊस सुरू झाला की अनेक घरांत एकच तक्रार असते : नेट येतंय आणि जातंय. पीक विम्याचा अर्ज किंवा मुलांचा प्रवेशाचा फॉर्म भरताना नेमकं गोल चक्र फिरत बसतं. मग कुणी मोठा प्लॅन घेतं, कुणी नवा मोडेम. पण केबलवरून नेट येणाऱ्या घरांत बऱ्याचदा दोष मोडेमचा नसतोच. टीव्हीसाठी कधीकाळी ओढलेली जुनी वायर आणि तिच्या टोकाची सैल पिन नेट अडवत असते. हे दुरुस्त करायला मोडेमइतका खर्च येत नाही.

आधी वायर ओळखा

घरात येणारी वायर करंगळीपेक्षा थोडी बारीक, गोल, मधोमध एकच कडक तार आणि भोवती जाळी अशी असेल, तर ती कोॲक्सियल म्हणजे नेहमीची केबलची वायर. पुढची माहिती याच वायरीची आहे.

वायर अगदी बारीक असून टोकाला हिरवी किंवा निळी प्लास्टिकची पिन असेल, तर ती फायबर. तिच्या आत काच असते. ती घरी कापू नका, मुडपू नका, आणि पिनेच्या तोंडात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. बॉक्सवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला तर थेट केबलवाल्याला बोलवा.

टीव्ही चांगला दिसतो, मग नेट का नाही?

टीव्ही फक्त सिग्नल घेतो. मोडेम सिग्नल घेतोही आणि परत पाठवतोही. त्यामुळे टीव्हीला पुरणारी वायर नेटला पुरेलच असं नाही. ठिबकच्या नळीचा जोड सैल असला की शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही, तसंच इथं होतं. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. तिथं सिग्नल गळतो, मागं उलटतो आणि पावसाचं पाणीही शिरतं.

दोष घरात की बाहेर?

आधी मोडेमच्या अगदी जवळ उभं राहून नेट चालवून बघा. तिथं चांगलं चालत असेल, तर अडचण वाय-फायच्या अंतराची आहे, वायरीची नाही.

तिथंही तोच त्रास असेल, तर वायर जिथून घरात शिरते तिथं मोडेम नेऊन थेट जोडा. तिथं नेट नीट चाललं तर दोष घरातल्या वायरीत, पिनेत किंवा जोडात आहे. तिथंही तुटत असेल तर दोष बाहेरच्या लाईनचा. ते काम केबलवाल्याचं. खांबावर किंवा शेजाऱ्याच्या गच्चीवर स्वतः चढू नका.

हात लावण्याआधी करंट तपासा

केबलच्या पिनेला करंट लागल्याचा अनुभव अनेकांना असतो. आपल्याच काय, शेजारच्या घरातल्या बिघडलेल्या टीव्हीमुळंही असं होऊ शकतं. म्हणून टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि मोडेम तिन्हींचे प्लग बोर्डातून काढा. पायात चप्पल ठेवा. पिनेला टेस्टर लावा. दिवा लागला तर काम तिथंच थांबवा आणि केबलवाल्याला व वायरमनला कळवा.

सामान काय लागेल?

• आरजी-६ प्रकारची, ७५ ओहमची वायर. जुनी आरजी-५९ बारीक असते, लांब अंतरावर तिच्यात सिग्नल जास्त कमी होतो.
• त्याच मापाच्या, दाबून बसवायच्या पिना. हातानं पिळून बसणारी पिन लवकर सैल होते.
• वायर सोलायचं आणि पिन दाबायचं हत्यार. ते नसेल तर वायर आपण ओढा आणि पिना केबलवाल्याकडून बसवून घ्या.

पिन अशी बसवा

१. वायरीचं टोक सरळ कापा. टोकाची सुमारे ६ मिलिमीटर मधली तार पूर्ण उघडी करा.
२. त्यामागं आणखी ६ मिलिमीटर फक्त वरचं काळं आवरण काढा.
३. बाहेरची जाळी मागं वळवा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. लागला तर नेट आणि टीव्ही दोन्ही बंद पडू शकतात.
४. आतलं पांढरं आवरण पिनेच्या आतल्या कडेला टेकेपर्यंत पिन सरकवा, मग हत्यारानं दाबा.
५. मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर २ ते ३ मिलिमीटर दिसली पाहिजे.

तारेवर हिरवट किंवा काळपट गंज दिसला तर तेवढा भाग कापून पुन्हा नवी पिन बसवा. घासून काम भागत नाही.

भिंतीवरचा जॅक आणि स्प्लिटर

जॅकची प्लेट उघडून आतला जोड बघा. सैल किंवा गंजलेला असेल तर बदला. केबलचा जॅक लाईटच्या बोर्डाच्या डब्यात बसवू नका, आणि केबलची वायर लाईटच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

स्प्लिटर म्हणजे एका वायरीच्या दोन-चार करणारी डबी. दोन तोंडांच्या डबीत प्रत्येक बाजूला निम्म्याहून थोडा कमी सिग्नल जातो, चार तोंडांच्या डबीत पाव हिश्श्याहूनही कमी. म्हणून सुरुवातीलाच दोन तोंडांची डबी लावून एक वायर थेट मोडेमला द्या. दुसरीवरून टीव्हीचे फाटे काढा. मोडेमच्या वाटेत टीव्हीचा साधा बूस्टर असेल तर तो काढा. तो सिग्नल एकाच दिशेनं जाऊ देतो आणि मोडेम ऑनलाईन येत नाही.

पावसाळ्यासाठी

भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा. वायर आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. ढग दाटून आले की प्लग आणि केबलची पिन दोन्ही काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही, कारण वीज केबलच्या वायरीतूनही मोडेममध्ये शिरते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरीला हात लावू नका.

एवढं करूनही नेट तुटलं तर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. वायरीच्या पहिल्या टोकालाच मोडेम लावून पाहिल्याचं सांगा. मग 'तुमच्या घरातच दोष आहे' असं सांगून कुणी तुम्हाला परत पाठवू शकणार नाही.