रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन नावाच्या गावात मुसळधार पाऊस झाला. ऑन्टारिओ प्रांतातलं हे जेमतेम पाच हजार वस्तीचं, शेतांनी वेढलेलं गाव. पावसाच्या पाण्याबरोबर गुरांचं शेण पाणीपुरवठ्याच्या एका उथळ विहिरीत उतरलं. पाण्यात क्लोरीन पुरेसं पडत नव्हतं. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू नळावाटे घरोघरी पोचले. दोन हजारांहून अधिक माणसं आजारी पडली आणि सात जण दगावले.

साथ ओसरली, पाणी स्वच्छ झालं. पोटाच्या आजारांच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचा भाग त्यानंतर सुरू झाला. मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॉक्टरांनी गावकऱ्यांची वर्षानुवर्षं विचारपूस चालू ठेवली. साथीत ज्यांच्या आजाराची वैद्यकीय नोंद झाली होती, त्यांच्यापैकी ३६ टक्के लोकांचं पोट दोन-तीन वर्षांनीही ठिकाणावर आलेलं नव्हतं. पोटात कळ येणं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ न वाटणं, या त्यांच्या तक्रारी होत्या. त्याच गावातल्या, पण साथीत आजारी न पडलेल्या लोकांत हे प्रमाण १० टक्के होतं. आठ वर्षांनंतर पाहिलं तेव्हा आकडे उतरले होते, तरी फरक टिकून होता. आजारी पडलेल्यांत सुमारे १५ टक्के, इतरांत ५. मूळ जिवाणू शरीरातून केव्हाच गेले होते.

पोटाची जुनी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला ती नेमकी कधी आणि कशाने सुरू झाली, हे सहसा सांगता येत नाही. वॉकर्टनमध्ये तारीख ठाऊक होती, कारण ठाऊक होतं आणि तुलनेला शेजारचीच माणसं होती. ज्यांचे जुलाब आठवडाभराहून जास्त चालले, जे वयाने तरुण होते, ज्या स्त्रिया होत्या आणि ज्यांना आधीपासून चिंता किंवा नैराश्य होतं, त्यांना धोका अधिक होता. म्हणजे मनाचा वाटा होता, नाही असं नाही. पण सुरुवात आतड्याला झालेल्या खऱ्याखुऱ्या इजेपासून झाली होती.

हे इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण आपल्याकडे अशा रुग्णाच्या वाट्याला काय येतं ते आपण आजूबाजूला पाहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, रक्ताचे रिपोर्ट, आणि सगळ्यांवर ‘नॉर्मल’. एकेकाळी अशा माणसाला सरसकट ‘जुनाट आमांश’ ठरवलं जायचं. अमिबा तपासणीत सापडलेला असो वा नसो, मेट्रोनिडाझोलचे कोर्सवर कोर्स व्हायचे. आता ‘गॅसेस आहेत, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून पाठवलं जातं. घरचे म्हणतात, रिपोर्टमध्ये काही नाही ना, मग कसली काळजी? इकडे अशी एखादी बाई एसटीने लग्नाला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून जेवण बंद करते. कामावर निघालेला माणूस घराचा उंबरा ओलांडण्याआधी तीनदा संडासला जाऊन येतो, आणि लोकलच्या कोणत्या स्टेशनवरचं शौचालय वापरण्याजोगं आहे हे त्याला पाठ असतं. तपासणीत काही न सापडणं आणि शरीरात काही न बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच मानल्या गेल्यामुळे माणसांच्या उमेदीची वर्षं वाया जातात.

दुर्बीण आतड्याचं अस्तर दाखवते. तिथला व्रण, सूज, गाठ तिला दिसते. सोनोग्राफीत अवयवांचे आकार दिसतात. आतडं काम कसं करतं हे दोन्हींत दिसत नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींची जाळी पसरलेली आहेत आणि त्यांत दहा कोटींहून अधिक पेशी आहेत. १८९९ मध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की बाहेरून येणाऱ्या मज्जातंतूंचा संबंध तोडला तरी आतडं आपलं काम करत राहतं. आतल्या घासाच्या मागची बाजू आवळते, पुढची सैल होते, घास पुढे सरकतो. मेंदूशी बोलणं चालू असतंच, पण पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस या मुख्य मज्जातंतूतले बहुतेक धागे खालून वर खबर नेणारे आहेत.

ही खबर किती मोठ्या आवाजात जाते, यावर दुखणं ठरतं. १९७३ मध्ये रिची या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात फुगा सरकवून तो थोडा थोडा फुगवला. ६० मिलिलिटर हवेला निरोगी माणसांपैकी शेकडा सहा जणांनाच दुखलं. ज्यांना आधीपासून पोटाचा त्रास होता, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ५५ होतं. फुगा दोघांच्याही पोटात तेवढाच होता, वेदनेची पातळी मात्र एका गटात फार खाली आली होती. जेवणानंतर सगळ्यांच्याच आतड्यात वायू धरतो. एकाला त्याचा पत्ता लागत नाही, दुसरा पोट धरून बसतो, आणि तो दुसरा माणूस अतिशयोक्ती करत नसतो.

पातळी खाली कशी येते, याचं एक उत्तर २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातून आलं. तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्यात जंतुसंसर्ग घडवला आणि त्याच काळात त्यांना अंड्यातलं एक प्रथिन खायला दिलं. संसर्ग बरा झाल्यावर ते प्रथिन पुन्हा दिलं, तेव्हा त्यांचं आतडं वाजवीपेक्षा जास्त हुळहुळं झालेलं आढळलं. एरवी शरीराची प्रतिकारयंत्रणा रोजचं अन्न ओळखते आणि त्याच्या वाटेला जात नाही. संसर्गाच्या धामधुमीत ही ओळख पुसली गेली होती. आतड्याच्या भिंतीत, फक्त तिथेच, त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. मास्ट नावाच्या पेशी हिस्टमिन सोडू लागल्या आणि शेजारचे वेदनावाहक तंतू चेतवले गेले. रक्तात याचा मागमूस नव्हता. मग संशोधकांनी आतड्याचा त्रास असलेल्या १२ माणसांच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोया आणि दुधाचे अंश टोचून पाहिले. बाराही जणांच्या अस्तराने यांपैकी किमान एका पदार्थावर प्रतिक्रिया दिली. निरोगी आठ जणांपैकी दोघांनीच ती दिली. बारा ही संख्या लहान आहे आणि एवढ्यावरून सर्वांच्या दुखण्याचं कारण सापडलं असं कोणी म्हणू नये. पण ‘त्या जुलाबांनंतर माझं पोट पूर्वीसारखं राहिलंच नाही, आणि अमुक खाल्लं की दुखतंच’ असं सांगणाऱ्या माणसाचं म्हणणं आता प्रयोगशाळेतही दिसू लागलं आहे.

अशा त्रासाला डॉक्टर आयबीएस म्हणतात. त्याचे निकष ठरलेले आहेत. २०१६ च्या रोम निकषांनुसार तक्रार सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली असावी, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखलेलं असावं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असावा. म्हणजे आयबीएस हे निकष लावून, विचारपूर्वक करायचं निदान आहे. काहीच सापडलं नाही म्हणून चिकटवायची चिठ्ठी नव्हे. कारण नॉर्मल रिपोर्टांच्या त्याच पिशवीत दुसरे आजारही लपलेले असतात.

सिलियाक हा त्यांतला एक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे इथे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार होती, पाव मिळत नव्हता, आणि त्याच दिवसांत त्यांची सिलियाकची मुलं सुधारली. पाव परत आल्यावर ती पुन्हा खालावली. उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला हा आजार असतो, दक्षिणेत बराच कमी. जुलाब नसतानाही तो असू शकतो. कधी फक्त न हटणारा ॲनिमिया एवढीच त्याची खूण असते. रक्ताची चाचणी सोपी आहे, पण ती गहू खात असतानाच करावी लागते. कोणाच्या तरी सल्ल्याने आधी पोळी बंद करायची आणि मग तपासायला जायचं, हा क्रम घात करतो, कारण तोवर प्रतिपिंडं ओसरलेली असतात आणि रिपोर्ट पुन्हा ‘नॉर्मल’ येतो. निदान झाल्यावर पोळी-पाव सोडणारी माणसं फोडणीतल्या हिंगाकडे पाहत नाहीत. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा डबीवरची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत.

मोठ्या आतड्याचा एक दाह असा आहे की दुर्बिणीतून अस्तर स्वच्छ दिसतं आणि सूक्ष्मदर्शकाखालीच आजार कळतो. उतारवयातल्या स्त्रियांना तो अधिक होतो. पाण्यासारखे जुलाब थांबत नसतील, तर दुर्बिणीच्या वेळी अस्तराचे तुकडे तपासायला घेतले होते का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. आपल्याकडचा खास पेच मात्र आतड्याच्या क्षयाचा आहे. लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या जागी क्षयही होतो आणि क्रोन्स नावाचा दाहही, आणि दोघांचे व्रण फसवण्याइतके सारखे दिसतात. क्रोन्सला द्यायची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. क्षय असताना ती दिली तर क्षय पसरतो. तुकडा तपासूनही उलगडा झाला नाही, तर भारतातले डॉक्टर अनेकदा क्षयाची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले का ते पाहतात. एवढे दिवस माणूस निदानाविनाच जगत असतो. या काळात त्याला ‘आम्ही कशाची वाट पाहतो आहोत’ हे नीट समजावून सांगणारा डॉक्टर भेटणं, याला मी औषधाइतकंच महत्त्व देतो.

निदानाविना जगलेल्यांत चार्ल्स डार्विनही होता. उलट्या, वायू आणि गळून जाणं यांनी त्याला अनेक दशकं छळलं. दक्षिण अमेरिकेत किडा चावून झालेल्या संसर्गापासून दूध न पचण्यापर्यंत अनेक तर्क झाले, पण नाव आजही ठरलेलं नाही. १८४९ ते १८५५ या काळात तो रोज तब्येतीची नोंद ठेवत असे. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, वायूचा त्रास किती झाला, असं सगळं. अशी वही आजच्या रुग्णालाही उपयोगी आहे. खाल्लं काय आणि केव्हा, दुखलं केव्हा, झोप कशी होती, मळ कसा होता, एवढं दोन-तीन आठवडे लिहावं. मळासाठी १९९७ चा ब्रिस्टल तक्ता आहे. खड्यांसारख्या पहिल्या प्रकारापासून पाण्यासारख्या सातव्यापर्यंत आकडा लिहिला की डॉक्टरांशी बोलताना संकोचही कमी होतो. स्त्रियांनी पाळीच्या तारखा लिहाव्यात, कारण पाळीबरोबर वाढणारं पोटाचं दुखणं कधी कधी गर्भाशयाच्या अस्तराशी निगडित असतं आणि पोटाच्या डॉक्टरांना ते एकट्याने कळत नाही.

वहीतून जे दिसेल त्यावर एका वेळी एकच बदल करावा. दूध बाधत असेल तर दूध थांबवून दही-ताक खाऊन पाहावं. दह्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला हातभार लावतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेल्या आहारपद्धतीत आतड्यात आंबणाऱ्या काही शर्करा कमी करतात. आपल्या स्वयंपाकात त्या मुख्यतः कांदा, लसूण, गहू आणि हरभऱ्यात आहेत. भात आणि ज्वारीची भाकरी त्या मानाने सोसते. लसणातली ही शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही, म्हणून तेलात लसूण परतून काढून टाकला तर फोडणीला वास राहतो आणि त्रास टळतो. हे पथ्य दोन ते सहा आठवड्यांचं आहे. नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहायचा असतो. हा दुसरा टप्पा लोक गाळतात, भीतीने ताट रिकामं करत जातात आणि वजन उतरलं की नवीच काळजी सुरू होते. आहारतज्ज्ञाची सोबत इथे खरोखर लागते. आहारातल्या तंतूंच्या बाबतीत २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत इसबगोलाने आराम पडला, गव्हाच्या कोंड्याने नाही. कोंड्याने काहींचा त्रास वाढलाच.

अमिट्रिप्टिलीन हे नैराश्याचं जुनं औषध अगदी कमी मात्रेत आतड्याच्या वेदनेवर चालतं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांच्या चाचणीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं. डॉक्टरांनी ते लिहून दिलं म्हणजे त्यांनी आपल्याला मनोरुग्ण ठरवलं, असा अर्थ काढून अनेकजण चिठ्ठी फाडतात. मात्रा वेदनेच्या खबरीचा आवाज कमी करण्यासाठी असते, आणि ते चिठ्ठी लिहितानाच सांगितलं गेलं पाहिजे.

आणि एकदा आयबीएस ठरलं म्हणून शोध कायमचा बंद होत नाही. शौचावाटे रक्त, न ठरवता उतरणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, ॲनिमिया, घरात आतड्याचा कर्करोग, यांतलं काहीही असेल तर पुन्हा तपासायला हवं. मळातलं कॅलप्रोटेक्टिन मोजणारी चाचणी आतड्यात दाह आहे का ते सांगते आणि दुर्बिणीची गरज ठरवायला मदत करते. पन्नाशीनंतर एखाद्या स्त्रीला पहिल्यांदाच पोट फुगण्याचा, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटण्याचा त्रास सुरू झाला, तर ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ ही रक्तचाचणी करायला सांगतात, कारण त्या वयात आयबीएस नव्याने उद्भवणं विरळ असतं. आपल्या आया-मावश्या हा त्रास ‘गॅसेस’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढतात. त्यांना डॉक्टरकडे घेऊन जाताना त्या चाचणीबद्दल आपणच विचारावं.