दाढेची कळ आणि होमिओपॅथीची पेटी

मुरूड-श्रीवर्धनकडे भर पावसात अपरात्री दाढ ठणकू लागली, की अलिबागचा रस्ता फार लांबचा वाटतो आणि फडताळातील होमिओपॅथीची पेटी हाताशी असते, म्हणून या शास्त्राच्या एका अनुरागी वाचकाचे हे निवेदन. हानेमानने १७९६ साली मांडलेल्या या पद्धतीत रोगाच्या नावाहून लक्षणांना महत्त्व अधिक: गरम चहाने कळ बळावते आणि रोगी चिडतो, तर कॅमोमिला, उबेने ओसरते, तर मॅग्नेशिया फॉस, गार पाण्याची चूळ तोंडात आहे तोवरच आराम पडतो, तर कॉफीच्या कच्च्या बियांपासून केलेले कॉफिया. निरीक्षणाची ही सूक्ष्मता मला आजही मोहविते.

तथापि '३० सी' गोळीसाठी मूळ द्रव्य तीस वेळा प्रत्येकी शंभरपट विरल केलेले असल्यामुळे तिच्यात त्याचा एखादा रेणूही उरण्याचा संभव जवळजवळ नसतो, आणि काटेकोर चाचण्यांत तिचा गुण औषधविरहित गोळीहून अधिक असल्याचे विश्वसनीयपणे सिद्ध झालेले नाही, हे आम्हां प्रेमिकांनी निःसंकोच सांगितले पाहिजे. किडीने पोखरलेली दाढ गोळीने भरत नाही. तूर्त तजवीज म्हणून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, चालत असल्यास वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे आणि सकाळी दंतवैद्य गाठावा. गाल सुजून ताप चढला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर मात्र त्याच रात्री जवळचे रुग्णालय. आणि जबड्याच्या कळेसोबत छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर ती फिर्याद हृदयाची असू शकते. पेटी न उघडता १०८ क्रमांक फिरवावा.